मका, लाकूड आणि लेबल

दिवाळीच्या सुमारास भडगावच्या उपबाजारात मक्याच्या ढिगांमधून वाट काढावी लागते. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली धरून बघतो आणि बाकीचे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. आकडा चौदाच्या वर गेला की भाव खाली येतो. शेतकरी सांगतो, तीन दिवस ऊन दाखवलंय. व्यापारी फक्त यंत्राकडे बोट करतो. इथून मका कुठे जातो ते सगळ्यांना पाठ आहे. काही नवापूरच्या कोंबड्यांना, काही दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्यात आणि अलीकडे बराचसा इथेनॉलला.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मक्याचा ट्रक भट्टीच्या दारात येतो तेव्हाही हेच नाटक होतं. ओलावा मोजतात, दाणे गरम करून वास घेतात. कुबट वास आला तर ट्रक परत जातो, कारण तो वास सडव्यातून, वाफेतून थेट बाटलीपर्यंत पोचतो. त्या मक्याची बोर्बन व्हिस्की होते. तिच्या चाहत्यांमध्ये 'तुमची कुठली?' या एका प्रश्नावर रात्र निघते. आपल्याकडे भरताचं वांगं कुठल्या गावचं यावर निघते तशीच.

आता भडगावात कोण बोर्बन पितं, असं कुणी विचारेल. फार कुणी नाही. पण गिरणाकाठच्या गावांतून पुण्या-मुंबईला गेलेली आणि पुढे अमेरिकेत स्थिरावलेली मुलं सुट्टीला येतात, तेव्हा विमानतळावरच्या ड्युटी-फ्री दुकानातून दोन लिटर घेऊन येतात. कायदा तेवढीच परवानगी देतो. शिवाय पुण्याच्या वाईन शॉपमध्ये जिम बीम सहज मिळते. अशा तीन बाटल्या गेल्या हिवाळ्यात एका मळ्यात जमल्या. परवाने सगळ्यांकडे होते आणि पंचविशीच्या आतलं कुणी नव्हतं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी कायद्याचं वय २५ आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून सांगितलं.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नुसते आकडे टाकले. आत होत्या मेकर्स मार्क, वाइल्ड टर्की १०१ आणि जिम बीमची पांढऱ्या लेबलची. सुट्टीला आलेल्या भाच्याने आधीच बजावलं होतं की कोला घालायचा नाही. आधी नुसतीच घ्यायची, मग चमचाभर पाणी. त्यावर निवृत्त मास्तरांनी, "मग शेवेचं काय करायचं?" असं रास्त विचारलं. शेव आली, भाजलेल्या शेंगा आल्या. मेडिकलवाल्या नानांनी पहिल्या घोटालाच एक नंबरला कौल दिला, "ही गोड आहे, घशात अडकत नाही." मास्तरांना तीन नंबरची बरी वाटली, कारण तिच्यात सोडा घातला तरी ती तशीच राहील, असं त्यांचं म्हणणं. आप्पांचा मका पन्नास वर्षं बाजारात जातोय. ते बराच वेळ गप्प होते. मग दोन नंबरचा पेला पुढे सरकवून म्हणाले, "हाई जाळस, पण मांगून काहीतरी येस. ती गोड शे, पण पुढे काहीच नही."

कागद काढला. एक नंबर मेकर्स मार्क, दोन वाइल्ड टर्की, तीन जिम बीम. आप्पांनी जे सांगितलं त्याला तिकडचे जाणकार पानंच्या पानं खर्च करतात.

बोर्बनचा सगळा वाद थोड्याशा जागेत चालतो, कारण बाकीची जागा कायद्याने आधीच कुंपण घालून घेतली आहे. ती अमेरिकेत बनलेली हवी. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून उतरताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको आणि बाटलीत ४० च्या खाली नको. पिंप ओकचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं हवं. पाण्याखेरीज वरून काही घालायचं नाही. रंगही नाही, साखरही नाही. केंटकीतच बनली पाहिजे अशी मात्र अट नाही, जरी बहुतेक तिथेच बनते. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बोर्बन हे आपल्या देशाचं खास पेय ठरवलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हे नाव लावता येत नाही. (जॅक डॅनियल्सचे आपल्याकडचे भक्त इथे दुखावतील. ती टेनेसी व्हिस्की. पिंपात जाण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात आणि तिचे मालक लेबलवर बोर्बन लिहीत नाहीत.)

मग फरक कुठून येतो? पहिला धान्यातून. मका बहुधा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतोच. थोडं मोड आणलेलं जव पिठाची साखर करायला लागतं. उरलेल्या जागेत राय घालायची की गहू, इथे घराणी वेगळी होतात. राय तिखट, मिरीसारखी. वाइल्ड टर्की आणि जिम बीम त्या घरातल्या. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी लाल हिवाळी गहू असतो, म्हणून ती नानांच्या घशात अडकली नाही. दुसरा फरक जोराचा. वाइल्ड टर्की १०१ म्हणजे ५०.५ टक्के, मेकर्स मार्क ४५, जिम बीम ४०. आप्पांचं 'जाळस' याच आकड्यात आहे. 'मांगून येस' मात्र फक्त आकड्याने होत नाही. जिमी रसेल १९५४ पासून वाइल्ड टर्कीच्या भट्टीवर आहेत, आणि त्यांचा आग्रह असा की भट्टीतून कमी जोरावर उतरवायची आणि पिंपात कमी जोरावर भरायची. जितका जोर कमी तितकं धान्य जास्त शिल्लक राहतं आणि नंतर पाणी कमी घालावं लागतं. फोर रोझेसवाले त्याहून हौशी. ते धान्याची दोन मिश्रणं आणि यीस्टचे पाच वाण घेऊन दहा वेगवेगळ्या बोर्बन करतात. त्यांची एकाच पिंपातली बाटली घेतली की लेबलवर चार अक्षरी खूण असते. ती वाचून आतलं मिश्रण कुठलं आणि यीस्ट कुठलं हे सांगणारे लोक आहेत. कपाशीच्या पाकिटावरचा क्रमांक वाचून वाण सांगणारी माणसं आपल्या गावात आहेतच, तेव्हा यात नवल वाटायचं कारण नाही.

पण सगळ्यात मोठा फरक लाकडाचा. रंग तर पूर्ण लाकडाचाच, कारण भट्टीतून उतरलेली बोर्बन पाण्यासारखी असते. अमेरिकन पांढऱ्या ओकचं साधारण दोनशे लिटरचं पिंप घेतात आणि आतून पेटवतात. सगळ्यात जास्त जाळलेल्याला तिकडे मगरीची कातडी म्हणतात, कारण कोळसा तसा तडकतो. जाळाने लाकडातली साखर करपून कॅरमेल होते, लिग्निन फुटून व्हॅनिला येतो, आणि काही तेलं खोबऱ्याचा वास देतात. पिंपं कोठारात रचतात. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, दारू फुगून लाकडात शिरते. थंडीत आकसून बाहेर येते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपं, एक सातव्या मजल्यावर आणि एक तळाला, सहा वर्षांनी सख्खी भावंडं वाटत नाहीत. १९८४ मध्ये ब्लँटन्सने एकेका पिंपाची दारू वेगळी भरून विकायला सुरुवात केली आणि चाहत्यांना भांडायला नवं मैदान मिळालं. आता वाद 'कुठली कंपनी' यावर थांबत नाही. कुठलं कोठार, कितवा मजला, कितवं पिंप इथपर्यंत जातो.

या हौसेचा अतिरेकही होतो. पॅपी व्हॅन विंकल नावाची गव्हाच्या घराण्यातली बोर्बन आहे, पंधरा, वीस, तेवीस वर्षं मुरवलेली. दुकानदार तिच्यासाठी चिठ्ठ्या काढतात, लोक छापील किमतीच्या कित्येक पट देतात, आणि २०१३ मध्ये ती भट्टीतूनच चोरीला गेल्याची केस उभी राहिली. पण त्याच बफेलो ट्रेस भट्टीत, गव्हाच्याच मिश्रणातून वेलर नावाची स्वस्त बाटली निघते. मग शहाणे लोक वेलरच्या मागे लागले आणि तीही दुकानातून गायब झाली. माझ्या मते तेवीस वर्षांचं कौतुक फाजील आहे. नवं जाळलेलं लाकूड इतकी वर्षं सहन करणं मक्याला जड जातं, शेवटी तोंडात फळीच येते. सहा ते दहा वर्षांच्या मध्ये बोर्बन सगळ्यात चांगली लागते, असं म्हणणारे पुष्कळ जाणकार आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा.

आवडीनिवडीचा हा सगळा बाजार उभा आहे तो एका कायद्यावर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बरीच व्हिस्की म्हणजे नुसता स्पिरिट, त्यात तंबाखूचं पाणी, सुकवलेल्या फळांचा रस आणि रंग. पिंप दुकानात असे, गिऱ्हाइकाला गडवा भरून मिळे, आणि मधे कुणी काय मिसळलं याचा पत्ता नसे. १८७० मध्ये ओल्ड फॉरेस्टरने आपला माल फक्त बंद बाटलीतच विकायचं ठरवलं. मग कर्नल ई. एच. टेलरसारख्या भट्टीवाल्यांनी सरकारकडे जोर लावला आणि १८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं सरकारी कुलपाच्या कोठारात राहिलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची दारू असेल तरच हे शब्द लावायचे. भट्टी कुठली तेही छापायचं. टेलर यांना यात आपला धंदा दिसत होताच. पण त्यामुळे पिणाऱ्याच्या हातात एक गोष्ट पडली: बाटलीत काय आहे ते. नंतर १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना निकाल द्यावा लागला की व्हिस्की कशाला म्हणायचं, आणि निव्वळ व्हिस्की व मिसळलेली व्हिस्की यांची लेबलं वेगळी झाली. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदी आली. तेव्हा काही कंपन्यांना औषधी व्हिस्की विकायचे परवाने होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती मिळे. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलेला परवाना अजून चालतो, आणि त्यावर आजही लिहिलेलं असतं की अमुक माणसाला आरोग्यासाठी दारूची गरज आहे.

आता आपल्या क्वार्टरकडे या. मळ्यात त्या तीन बाटल्यांनंतर नानांनी गाडीतून एक नेहमीची व्हिस्की काढली. कागदात गुंडाळायची गरज नव्हती. सगळ्यांनी एका घोटात ओळखली, 'ही आपली'. मग भाच्याने विचारलं, ही कशाची? गव्हाची, मक्याची, उसाची? कुणाला सांगता येईना. लेबल उलटसुलट केलं. मद्यार्क किती टक्के, कर किती, इशारा काय, सगळं होतं. हा प्रश्न तसाच राहिला. शिवारातून जाताना चालत्या गाडीतून दादर ज्वारी ओळखणारी माणसं ही, पण पेल्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही.

याचं कारण जिभेत शोधू नये. आपल्या बहुतेक स्वस्त-मध्यम व्हिस्कीचा पाया असतो एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. ते उंच कॉलममधून साधारण ९६ टक्क्यांवर काढतात. इतक्या शुद्ध स्पिरिटमध्ये मळी कुठली, मका कुठला, काही कळत नाही. बोर्बनच्या कायद्यातली ८० टक्क्यांची मर्यादा नेमकी हेच टाळते. भट्टीवाल्याला ती धान्य पूर्ण पुसू देत नाही. आपल्याकडे त्या पुसलेल्या स्पिरिटात थोडी माल्ट किंवा स्कॉच मिसळतात, कॅरमेलने रंग देतात. बराच काळ हे स्पिरिट मळीचं असे, कारण साखर कारखाने मळी देत. म्हणूनच युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथे धान्य आणि निदान तीन वर्षांचं लाकूड लागतं. आता धान्याचा वाटा वाढलाय. पण ९६ वर पोचल्यावर धान्य काय नि मळी काय, पिणाऱ्याला दोन्ही सारखंच.

धान्याचा मुद्दा निघाला की महाराष्ट्रात वेगळी जखम उघडते. २००७ च्या आसपास राज्य सरकारने ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्यांना अनुदान देऊ केलं. कारण दिलं होतं शेतकऱ्याच्या काळ्या पडलेल्या ज्वारीचं. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला: खायचं धान्य भट्टीत का, आणि सरकारी पैसा त्यात का. तो विरोध मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. दारूच्या आवडीनिवडीवर दोन हजार शब्द लिहिणाऱ्याने हे दडवू नये. खान्देशात दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना मास्तरांचा सोडा आणि आप्पांची 'मांगून येस' ही चर्चा ऐकवायची माझी तरी हिंमत नाही.

बोर्बन मात्र एका आडवाटेने आपल्यापर्यंत कधीच पोचली आहे. कायद्याने पिंप दर वेळी नवं लागतं, त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप केंटकीत दुसऱ्यांदा बोर्बनला चालत नाही. राज्याच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त पिंपं तिथे मुरत पडलेली असतात. रिकामी झाली की ती स्कॉटलंडला जातात, मेक्सिकोला जातात आणि भारतातही येतात. बंगळूरच्या अमृतने २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगोत आपली सिंगल माल्ट बाजारात आणली, तीही बोर्बनच्या पिंपांत मुरलेली. कंपनीचे संस्थापक राधाकृष्ण जगदाळे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. ती सहा ओळींचं भारतीय जव वापरते आणि पिंप बोर्बनचंच. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला पर्नो रिकारने २०२२ मध्ये लाँजिट्यूड ७७ काढली. ती आधी बोर्बनच्या पिंपात आणि मग वाईनच्या पिंपात ठेवतात. या तिन्हींत जो व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास लागतो, तो पुष्कळसा त्या जुन्या अमेरिकन लाकडाचा. ज्याने बोर्बनची बाटली कधी पाहिली नाही त्यानेही तिची चव चाखलेली असते.

ऊन मात्र आपलं. पिंपातून दर वर्षी काही दारू उडून जाते. स्कॉटलंडमध्ये दोन टक्के, केंटकीत तीन ते पाच, गोव्यात आठच्या आसपास आणि बंगळूरला दहा ते बारा. दहा टक्के धरले तर दोनशे लिटरच्या पिंपात चार वर्षांनी १३१ लिटर उरतात, बारा वर्षांनी ५६. म्हणून आपल्या माल्टवर वय लिहिण्याची हौस कमी. चार-पाच वर्षांत जे व्हायचं ते होऊन जातं. हा हिशोब ऐकल्यावर आप्पांनी विचारलं, आणि भडगावात ठेवलं तर? मे महिन्यात इथे पारा ४४ च्या पुढे जातो, हवा कोरडी. पाणीच दारूच्या आधी उडेल आणि आतला जोर वाढत जाईल. केंटकीत वरच्या मजल्यावर हेच होतं. "म्हणजे दोन वर्षांत आपलीबी जाळी," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा दोन नंबरचा पेला पुढे केला.

चव ओळखायचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाचे जाणकार आहेत. फुलं पहाटे वेचलेली की दिवस चढल्यावर, किती वाळवलेली, सडवा किती दिवसांचा, धार पहिली की शेवटची, हे ते घोटात सांगतात. पहिली धार विस्तवावर टाकून बघतात. पितरांना आणि देवांना आधी वाहतात. ब्रिटिशांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर वेगळा कायदाच केला होता. राज्य सरकारने फुलांच्या गोळा करण्या-विकण्यावरचे निर्बंध सैल केले ते २०२१ मध्ये. पण दारू अजून हातभट्टीच. नवसागर घातलेली विषारी आणि घरची निगुतीने काढलेली, दोन्ही एकाच पंचनाम्यात. ज्या दारूला बाटली नाही, लेबल नाही, तिच्या चाहत्याला आपली आवड दुसऱ्या गावी नेताच येत नाही.

अमेरिकन बोर्बनचं भारतातलं बस्तान अजून छोटं आहे. २०२३-२४ मध्ये जेमतेम २५ लाख डॉलरची आली. १३ फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेने तिच्यावरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं. आनंदून जायचं कारण नाही. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि विक्रीकर बसतोच. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्याधारित दारूचा नवा वर्ग काढला. देशी आणि विदेशी यांच्या मधला. १८० मिलीला निदान १४८ रुपये. वर्षाला चौदा हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित असल्याचं सांगण्यात आलं आणि चर्चा त्याच आकड्याभोवती फिरली.

चौदा हजार कोटींच्या त्या चर्चेत कुणीतरी विचारायला हवं होतं की धान्य कुठलं, किती टक्के, किती जोरावर उतरवलेलं, लाकडात ठेवलं की नाही आणि ठेवलं तर किती वर्षं. महाराष्ट्राचं नाव लावलेल्या बाटलीवर एवढं छापायला भट्टीवाल्याचा खर्च वाढत नाही. तो छापणार नाही, कारण त्याच्याकडे कुणी मागितलं नाही. अमेरिकेतही १८९७ पूर्वी कुणी छापत नव्हतं.

मळ्यातल्या तिघांचं अजून एकमत नाही. नाना मेकर्स मार्कवर ठाम आहेत, पण विकत घ्यायची वेळ आली तर जिम बीमच घेतो म्हणतात, कारण किंमत. मास्तरांनी लाँजिट्यूड ७७ मागवून पाहिली आणि 'आपल्या नाशिकची' म्हणून दोन गुण जास्त दिले. त्याला परीक्षेत मास्तरांनी स्वतः कधी परवानगी दिली नसती. माझा कल आप्पांकडे. राय असलेली, पन्नास टक्क्यांच्या आसपासची, सहा-आठ वर्षांची, चमचाभर पाणी घालून. भाचा पुढच्या डिसेंबरात येणार आहे. आप्पांनी त्याला 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली आणायला सांगितलंय, आणि नानांनी सांगितलंय की तिचं बिलही आण.